दुसरा सदरा

वाचकहो, आपल्या अगदी पहिल्या शिक्षकांची आठवण करून पाहा. पहिल्या दिवशी त्यांनी काय शिकवले, हे बहुधा आपणांस सांगता येणार नाही. परंतु त्यांच्या अंगात कोणता कोट असे, बाईंच्या लुगड्याचे काठ कोणत्या रंगाचे होते, फळा पुसताना त्यांच्या बाहीवर खडूची पूड कशी पडत असे, हे मात्र आपण डोळे मिटून सांगू शकाल. मूल अक्षरे वाचावयास शिकते ते मागाहून; त्याआधी कितीतरी दिवस ते समोरचे माणूस वाचीत असते.

१९५९ साली मी गावच्या मराठी शाळेत पहिलीत बसले. आमच्या गुरुजींचा वेष म्हणजे धोतर, गळाबंद कोट आणि काळी टोपी. कोट एकच होता आणि त्याच्या कोपरांवर त्यांच्या पत्नीने त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केले होते. धोतरे मात्र दोन होती. संध्याकाळी शाळा सुटली की गुरुजी विहिरीवर स्वतः धोतर धूत आणि ते रात्रभर त्यांच्या ओसरीच्या दांडीवर वाळत असे. सकाळी आम्ही मुले त्या घरावरून शाळेत जात असू. दांडी रिकामी दिसली की गुरुजी शाळेत पोहोचले, आता धावले पाहिजे, असे समजावे. गुरुजींनी स्वच्छतेवर आम्हांला एकही व्याख्यान दिल्याचे मला स्मरत नाही. तरीही त्या वर्गातील एकही मूल वाढलेली नखे घेऊन त्यांच्यापुढे पाटी धरावयास धजत नसे.

मी स्वतः १९७४ साली प्राथमिक शिक्षिका झाले आणि २०११ साली मुख्याध्यापिका म्हणून सेवानिवृत्त झाले. सदतीस वर्षे फळ्यासमोर उभी राहिले. म्हणून शिक्षकांच्या पोशाखासंबंधी अलीकडे ठिकठिकाणी जी चर्चा होत असते, ती मी कान देऊन ऐकते. आसामच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०२३ मध्ये आदेश काढून शिक्षकांना जीन्स व टी-शर्ट वर्ज्य केले. पुरुषांनी साधा शर्ट-पँट आणि स्त्रियांनी साडी, सलवार-कमीज अथवा मेखेला-चादर असा वेष करावा असे सांगितले. महाराष्ट्र शासनाचा निर्णय १५ मार्च २०२४ चा. त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता व दुपट्टा, शिक्षकांसाठी शर्ट आणि पँट, आणि तोही शर्ट आत खोचलेला, असे सुचविले आहे. गडद रंगांचे, भडक नक्षीचे कपडे व जीन्स, टी-शर्ट टाळण्यास सांगितले आहे. उलट केरळच्या उच्च शिक्षण विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये, अध्यापिकांनी साडीच नेसली पाहिजे अशी सक्ती कोणत्याही संस्थेने करू नये, असे स्पष्ट केले. म्हणजे एकाच देशात कोठे नियम घट्ट होत आहेत, तर कोठे सैल.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. शिक्षक हा मुलांपुढचा आदर्श आहे, तेव्हा त्याने गबाळेपणाने वर्गात येऊ नये, हे एका पक्षाचे म्हणणे. शिकविणाऱ्याची योग्यता त्याच्या शिकविण्यावर ठरते, कपड्यांवर नव्हे, हे दुसऱ्याचे. मी कोणत्या पक्षाची, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. आज वीस वर्षे होत आली, तरी ती मला विसरता आलेली नाही.

ती गोष्ट २००६ सालच्या पावसाळ्यातील. दुष्काळी तालुक्यातील एका गावी सात शिक्षकांची आमची शाळा होती आणि मी तिची मुख्याध्यापिका होते. कपड्यांच्या बाबतीत मी फार कडक होते. माझी सुती साडी खळ घातलेली आणि कडक इस्त्रीची असे, आणि इतरांनीही तसेच राहावे असा माझा आग्रह होता. त्या वर्षी एक तरुण शिक्षण सेवक आमच्याकडे रुजू झाले. शिकविण्यात हुशार, मुलांत मिसळणारे. परंतु रोज एकच निळा सदरा. तो धुतलेला असे, मात्र पावसामुळे कधी दमट, कधी चुरगळलेला, आणि गळ्यापाशी रंग उडालेला.

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी शाळा तपासणीसाठी यावयाचे होते. सकाळी व्हरांड्यात ते शिक्षक समोर दिसले आणि माझ्या तोंडून शब्द गेले, ‘‘सर, निदान उद्या तरी दुसरा सदरा घालून या. शाळेत यायचे आणि अंगावर रोज तोच सदरा, हे बरे दिसते का?’’

ते काही बोलले नाहीत. ‘‘होय, बाई,’’ एवढेच म्हणून वर्गात गेले.

दुसऱ्या दिवशी ते पांढराशुभ्र नवा सदरा घालून आले. खोक्यातल्या घड्या अजून त्यावर दिसत होत्या. तपासणी उत्तम झाली, अधिकाऱ्यांनी शाळेच्या टापटिपीबद्दल चांगला शेरा लिहिला, आणि आपल्या बोलण्याचा परिणाम झाला म्हणून मी मनातून सुखावले. त्या दिवशी तिसरीच्या वर्गात एक जागा रिकामी होती, तिकडे माझे लक्ष गेले नाही.

ती जागा चार दिवस रिकामी राहिली. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर ते शिक्षक माझ्याकडे आले. ते त्या मुलाच्या वस्तीवर जाऊन आले होते. मुलगा आजारी नव्हता. शेळ्यांमागे हिंडत होता. का येत नाहीस म्हणून विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला होता, ‘‘माझ्याकडं पण एकच सदरा हाय. मोठ्या बाई म्हणाल्या, रोज तोच सदरा बरा दिसत न्हाई.’’

वाचकहो, त्या सकाळी व्हरांड्याच्या खांबाआड एक मूल उभे होते, हे मला ठाऊक नव्हते. मी एका मोठ्या माणसाला बोलले होते आणि माझ्या मते तेही त्याच्या हिताचेच बोलले होते. परंतु शाळेत मोठ्या माणसांना काढलेले शब्द मोठ्यांपाशीच राहत नाहीत.

मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेले. मुलाच्या आईने आम्हांला बसावयास घोंगडी टाकली. ती रोज रात्री तो सदरा धूत असे आणि चुलीच्या उबेला वाळत घालीत असे. पावसाळ्यात तो सकाळपर्यंत धड वाळतही नसे. मुलगा कणगीआड लपून बसला होता. मी त्याला बाहेर बोलाविले नाही. तेथूनच त्याला म्हणाले, ‘‘बाळ, माझं चुकलं. मी जे बोलले ते चुकीचं होतं. तुझा सदरा चांगला आहे. तू उद्या शाळेत ये.’’ थोड्या वेळाने कणगीमागून आवाज आला, ‘‘मग सरांनी नवा सदरा का घातला?’’

मी शिक्षकांकडे पाहिले. ते हसून म्हणाले, ‘‘उधारीवर आणलाय. पगार झाला की पैसे द्यायचेत.’’

परतताना वाटेवर मला त्यांच्याशी बोलण्याचा धीर होईना. राज्यात २००० सालापासून शिक्षण सेवकांची योजना सुरू झाली होती. नोकरीची पहिली तीन वर्षे नियमित वेतनाऐवजी मानधन, आणि प्राथमिक शाळेत ते मानधन महिना ३,००० रुपये. हे मला कागदोपत्री पूर्ण ठाऊक होते. दरमहा त्या पत्रकावर मीच सही करीत असे. त्यातून खोलीचे भाडे, खाणावळ आणि घरी पाठवावयाचे पैसे वजा केले की सदऱ्यासाठी काय उरत असेल, हे गणित मात्र मी कधी मांडून पाहिले नव्हते. तिसरीतल्या मुलालाही ते मांडता आले असते. पुढे हे मानधन दोनदा वाढले आणि २०२३ साली प्राथमिक शिक्षकांसाठी ते १६,००० रुपये झाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला. शिक्षक त्या दिवशी आपला जुना निळा सदरा घालून आले होते. त्यांनी तो मुद्दाम घातला होता की काय, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

पुढे गांधीजींच्या आत्मकथेतील चंपारण्याचा भाग पुन्हा वाचताना मी एका ठिकाणी थबकले. १९१७ साली चंपारण्यातील खेड्यांत त्यांनी शाळा काढल्या. तेथे शिकविण्यास आणि स्वच्छतेचे काम करण्यास आपल्याकडून अवंतिकाबाई गोखले व आनंदीबाई वैशंपायन यांसारख्या स्त्रिया गेल्या होत्या. भितिहरवा येथील शाळेजवळच्या एका खेड्यातील स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसले, म्हणून त्यांना कपडे धुण्याविषयी समजावून सांगण्यास गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. त्या बोलावयास गेल्या, तेव्हा एका बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेले आणि सारी झोपडी दाखविली. तेथे कपड्यांची पेटी नव्हती की कपाट नव्हते. अंगावर आहे तेवढेच लुगडे. ते धुवावे तर नेसावे काय, असा तिचा सवाल होता. दुसरे लुगडे मिळवून द्या, मग रोज आंघोळ करून स्वच्छ लुगडे नेसेन, असे तिने सांगितले.

हा प्रसंग मी तरुणपणीही वाचला होता. तेव्हा तो मला दूरच्या बिहारातील दारिद्र्याची हकिकत वाटला होता. आता कळले की तो प्रत्येक मुख्याध्यापकाने कपाटाच्या दारावर लावून ठेवावा असा धडा आहे. स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्याने आधी समोरच्या माणसाच्या दांडीवर किती कपडे आहेत ते मोजावे.

मग पोशाखाचा नियमच नको काय? तसे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मी आजही नीटनेटकेपणाच्या पक्षाची आहे. गुंड्या तुटलेल्या, तोंडात तंबाखूचा बार भरलेला आणि दात रंगलेले असा शिक्षक वर्गात उभा राहतो, तेव्हा तो मुलांना न बोलता सांगत असतो की तुमच्यासाठी तयार होऊन येण्याइतके तुम्ही मोठे नाही. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ती वस्तू शिक्षकाच्या खिशातून वर्गात यावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. नियम हवा, परंतु तो स्वच्छतेचा आणि कामाच्या सोयीचा हवा. कापडाच्या किमतीचा नको.

कामाच्या सोयीचा म्हणजे कसा, ते माझ्या अनुभवावरून सांगते. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला दिवसातून पन्नास वेळा जमिनीवर बसावे लागते. ज्या कपड्यांत खाली बसता येत नाही, ते कपडे त्या वर्गाच्या उपयोगाचे नाहीत. खडूची पूड गडद रंगावर लगेच उठून दिसते, फिकट सुती कपड्यावर ती लपते आणि धुतल्यावर निघून जाते. विज्ञानाच्या तासाला स्पिरिटचा दिवा पेटवावयाचा असेल, तर पदर किंवा ओढणी खोचून घट्ट बांधलेली हवी. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून अंगाला चिकटते, म्हणून त्या तासाला तरी सुती कापडच असावे. खेळाच्या तासाला साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीचा, आणि कवायत घेणाऱ्या शिक्षकाच्या पायांत घसरणारी चप्पल नसावी. नखे कापलेली असावीत, कारण लहान मुलांचे हात धरून अक्षर गिरवून घ्यावे लागते. केस विंचरलेले असावेत. भारी अत्तर नसावे. बंद वर्गात काही मुलांना त्याचा त्रास होतो. आणि दागिने बेताचेच असावेत. बाईंच्या गळ्यातील दागिन्याकडे पाहत बसलेल्या मुलीचे लक्ष फळ्यावर नसते; शिवाय घरी जाऊन ती आईला काय विचारील, याचाही विचार करावा.

या शेवटच्या गोष्टीवर मी आता फार भर देते. शिक्षकाच्या वेषाची माझी परीक्षा अशी आहे की, वर्गातील सर्वांत गरीब मुलाला त्याच्याजवळ यावेसे वाटले पाहिजे. मळका शिक्षक पाहून मूल मागे सरते, तसेच फार भपकेबाज शिक्षक पाहूनही ते मागेच सरते. माझ्या कडक खळीच्या साडीला मुलांचे हात लागू नयेत म्हणून मी कितीदा नकळत बाजूला झाले असेन, कोण जाणे. त्या वर्षापासून मी साडीला खळ घालणे सोडून दिले. धुऊन, झटकून वाळत घातलेली मऊ साडी नेसू लागले. पहिलीतली मुले सरळ येऊन पदर ओढू लागली, त्यावर शाईचे डागही पडू लागले. ते मी धूत राहिले.

शाळेतही आम्ही दोन लहान व्यवस्था केल्या. कार्यालयाच्या कपाटात सुई, दोरा, गुंड्या आणि एक इस्त्री ठेवली. ती शिक्षकांनी वापरावी आणि मुलांच्या तुटलेल्या गुंड्याही तेथेच लावून द्याव्यात. दुसरे म्हणजे, वरच्या वर्गांत गेलेल्या मुलांचे तोकडे झालेले पण चांगले गणवेश धुऊन एका पेटीत जमा करावयास आरंभ केला. ते कोणाला दिले, याची वही मी स्वतःजवळ ठेवीत असे. ती इतर कोणी पाहावयाची नाही, असा नियम होता. पुढे शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि सर्व शिक्षा अभियानातून सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळू लागले. ‘दोन’ हा आकडा मी त्या परिपत्रकात पाहिला, तेव्हा मला चुलीपाशी वाळणारा तो सदरा आठवला. एक अंगावर आणि एक दांडीवर, एवढ्याने मूल रोज शाळेत येऊ शकते.

आपल्या देशातील पहिल्या स्त्रीशिक्षिकांपैकी एकीचा वेषही मला या संदर्भात आठवतो. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले अवघ्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडे नेत आणि शाळेत पोहोचल्यावर ते बदलून मुलींपुढे उभ्या राहत, असे सांगतात. जग जे काही अंगावर फेकील ते दाराबाहेर राहावे आणि मुलींना आपली बाई स्वच्छच दिसावी, एवढ्यासाठी ते दुसरे लुगडे होते. कोणत्याही सरकारी आदेशात ते लिहिलेले नव्हते. शिक्षकाच्या पोशाखाचे इतके चांगले कारण मला तरी दुसरे सापडलेले नाही.

म्हणून, वाचकहो, आपणांपैकी कोणी शाळेचे प्रमुख असाल, तर पोशाखाविषयी आपल्या सहकाऱ्यांना सांगावयाचे ते खोलीचे दार लावून, एकट्याला आणि त्याची अडचण विचारून सांगा. आपल्या घरी कोणी शिक्षक असेल, तर त्याचे उद्याचे कपडे रात्रीच नीट करून ठेवण्यास मदत करा. सकाळच्या घाईत तेच नेमके राहून जाते. आणि आपण केवळ पालक असाल, तर मुलांदेखत त्यांच्या शिक्षकांच्या कपड्यांची थट्टा करू नका. मूल ती थट्टा ऐकते आणि लागलीच स्वतःच्या कपड्यांकडे पाहते.

ते शिक्षक आज एका केंद्रशाळेचे मुख्याध्यापक आहेत. दोन वर्षांपूर्वी पोशाखाचा शासननिर्णय आला, तेव्हा त्यांनी मला दूरध्वनी केला. बोलण्याच्या ओघात म्हणाले, ‘‘बाई, आमच्याकडे यंदा एक नवीन मुलगा रुजू झालाय. त्याला निर्णय वाचायला दिला, पण त्याआधी कपाटातून इस्त्री काढून दाखवली.’’ मग थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘‘तुमची ती गुंड्यांची डबी अजून शाळेत आहे का हो?’’

ती आहे. गेल्या वर्षी मी त्या शाळेत गेले होते, तेव्हा कपाट उघडून पाहिले. डबी निम्मी रिकामी होती, म्हणजे वापरात होती. परत निघण्यापूर्वी बाजारातून पांढऱ्या गुंड्यांची दोन पाकिटे आणून मी ती भरून ठेवली.